वर्गात कॅमेरा: निरीक्षण आणि चित्रीकरणातून भरवशाचा डेटा कसा मिळवावा

महिनाभर तासिका चित्रित करायच्या आणि मग निवांत बसून "यातून काय निघतंय बघू" म्हणायचं, अशा प्रकल्पांचं चित्रण बहुधा हार्ड डिस्कवरच पडून राहतं. चित्रण हा कच्चा माल. त्यातल्या कुठल्या क्षणाला काय नाव द्यायचं याचा नियम लिहिला, आणि दोन माणसांनी एकमेकांना न विचारता त्या क्षणाला तेच नाव दिलं, की त्याचा डेटा होतो. ट्रायपॉडची खरेदी त्यानंतर. आधी कागद घ्यायचा.

प्रश्न आधी टोकदार करा

"शिक्षक मुलांना विचार करायला वेळ देतात का?" हा प्रश्न चांगला आहे, पण मोजता येत नाही. तो मोजण्याजोगा केला अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तो वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, हे त्यांनी १९७० च्या दशकात ध्वनिफितींवरून दाखवलं. आता व्यवहाराकडे बघा. एक आणि तीन सेकंदांतला फरक पकडायचा तर हातात पेन्सिल घेऊन मागच्या बाकावर बसलेला निरीक्षक कामाचा नाही. इथे सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजता येईल असा स्वच्छ आवाज लागतो, चित्र मात्र दुय्यम. उलट "गटकामात साहित्य कोणाच्या हातात राहतं?" असा प्रश्न असेल तर आवाज थोडा खराब चालेल, कॅमेरा मात्र टेबलाशी हवा. आणि "वर्गातल्या किती मुलांचं लक्ष कामात आहे?" एवढंच हवं असेल, तर प्रशिक्षित निरीक्षक आणि छापील तक्ता पुरतो. कॅमेऱ्याची यातायात कशाला?

म्हणजे प्रश्नावरून साधन ठरतं. साधनं हाताशी आहेत म्हणून प्रश्न बेतला की गाडी घसरते.

व्याख्या: इथे वेळ घालवा

प्रतीक्षाकाळाचंच, म्हणजे प्रश्नानंतर थांबण्याच्या वेळाचंच, उदाहरण घेऊ. ध्वनिमुद्रणातली एक जागा अशी:

शिक्षक: पाणी तापवत राहिलं तर त्याचं काय होईल?
(०.८ सेकंद शांतता)
शिक्षक: हं? सांगा ना.
(१.४ सेकंद शांतता)
विद्यार्थी: वाफ.

इथे प्रतीक्षाकाळ किती? पहिला संकेतक (मुद्रण तपासून प्रत्येक क्षणाला संकेत, म्हणजे ठरलेलं नाव, देणारा माणूस) म्हणेल ०.८, कारण शिक्षकांनीच शांतता मोडली. दुसरा म्हणेल २.२, कारण उत्तर येईपर्यंतची शांतता एवढी झाली. तिसरा "हं? सांगा ना" म्हणायला लागलेला वेळही धरेल. तिघांचंही बरोबर आहे, फक्त तिघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत आहेत. म्हणून नियम असा लिहावा लागतो: "प्रश्नाच्या शेवटच्या शब्दाचा शेवटचा आवाज संपल्यापासून, शिक्षक किंवा विद्यार्थी यांपैकी कोणाचाही पुढचा उच्चार सुरू होईपर्यंत. हं, अं, अच्छा हे उच्चार धरावेत. खोकला, खुर्चीचा आवाज धरू नये." शिवाय रो यांनी दोन प्रतीक्षाकाळ वेगळे काढले होते, एक शिक्षकाच्या प्रश्नानंतरचा आणि दुसरा विद्यार्थ्याच्या उत्तरानंतरचा. आपण कुठला मोजतो आहोत तेही लिहा.

प्रत्येक संकेताखाली चार गोष्टी असाव्यात: एका वाक्यातली व्याख्या, बसणारी दोन उदाहरणं, न बसणारी दोन उदाहरणं, आणि शंका आली तर काय करायचं. न बसणारी उदाहरणं लिहायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, पण संकेतकांचं भांडण नेमकं त्याच हद्दीवर होतं.

तयार संकेतसूची वापरायला हरकत नाही, मात्र ती काय बघत नाही हे आधी तपासा. नेड फ्लँडर्स यांची सूची शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असते: १० प्रकार, त्यातले ७ शिक्षकाच्या बोलण्याचे, २ विद्यार्थ्याच्या बोलण्याचे आणि एक शांतता किंवा गोंधळाचा, दर ३ सेकंदांना एक नोंद, म्हणजे ४५ मिनिटांच्या तासिकेत ९०० नोंदी. शिक्षक समोर उभे राहून शिकवत असतील तर ती छान चालते. मुलं गटांत बसून कामाला लागली की मात्र बराचसा वेळ दहाव्या खान्यात जाऊन पडतो, आणि रंगलेलं गटकाम कागदावर "गोंधळ" म्हणून दिसतं.

किती वेळाने नोंद घ्यायची

प्रश्न विचारणं, हात वर करणं अशा सुरुवात-शेवट स्पष्ट असलेल्या घटना सरळ मोजाव्यात. लक्ष, सहभाग अशा लांबणाऱ्या वागण्यासाठी कालखंड पाडतात आणि इथे पद्धतीची निवड निकालच बदलते.

समजा एक मूल दर १० सेकंदांतले २ सेकंदच वहीकडे बघतं. कालखंड १० सेकंदांचा धरून "कालखंडात एकदा तरी बघितलं तर खूण" असा नियम ठेवला तर प्रत्येक खान्यात खूण पडेल आणि मूल १०० टक्के वेळ कामात असल्याचं निघेल. "संपूर्ण कालखंडभर बघितलं तरच खूण" म्हटलं तर शून्य टक्के. खरा आकडा २० टक्के. त्याच्या जवळ जाते ती क्षणनोंद: ठरलेल्या क्षणी मान वर करा, त्या क्षणी मूल काय करतंय तेवढंच लिहा, मधलं विसरा. कानात दर १० सेकंदांना वाजणारी बीप घ्या आणि मुलांचा क्रम आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवा. क्रम नसला की नजर आपोआप दंगा करणाऱ्या मुलांकडे जाते आणि शांतपणे खिडकीबाहेर बघत बसलेलं मूल नोंदीतून सुटतं.

कॅमेरा कुठे आणि कसा

एकच कॅमेरा असेल तर तो बाजूच्या भिंतीशी, खोलीच्या पुढच्या एक-तृतीयांश भागात ठेवा. तिथून फळा, शिक्षक आणि निम्म्याहून अधिक मुलांचे चेहरे तिरपे का होईना दिसतात. मागे ठेवलेल्या कॅमेऱ्यात शिक्षक छान येतात आणि मुलांच्या फक्त पाठी. दोन कॅमेरे असतील तर एक मागून शिक्षकांवर, दुसरा पुढच्या कोपऱ्यातून मुलांवर, रुंद कोनात, न हलवता. टिम्स या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या १९९५ च्या फेरीत जर्मनी, जपान आणि अमेरिका इथल्या आठवीच्या २३१ गणित-तासिका चित्रित झाल्या, तेव्हा वर्गात एकच कॅमेरा होता. १९९९ च्या फेरीत मुलांकडे तोंड केलेला दुसरा कॅमेरा जोडला गेला.

उंची पावणेदोन मीटरच्या आसपास, म्हणजे उभ्या मुलाने दृश्य अडणार नाही. खिडक्या कॅमेऱ्याच्या पाठीशी किंवा बाजूला हव्यात. समोर आल्या तर चेहरे काळे पडतात, आणि ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट उजळत नाहीत. फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करा, नाहीतर कोणी समोरून गेलं की कॅमेरा दोन-तीन सेकंद नवा फोकस शोधत बसतो आणि नेमका तोच क्षण हातचा जातो. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद. ६० हर्ट्झ असेल तर ३० फ्रेम आणि १/६०. नाहीतर काही दिव्यांखाली चित्र लुकलुकतं. १०८०पी पुरे. ४के ने फक्त डिस्क भरते. फळ्यावरची बारीक अक्षरं वाचायची असतील तर फळ्याचे स्थिर फोटो काढा.

कॅमेरा फिरवणारा माणूस असेल तर त्यालाही लेखी नियम द्या. "जिथे काही घडतंय तिथे वळव" हा नियम नव्हे. काय "घडतंय" हे त्याने ठरवलं तर संशोधन त्यानेच केलं. "शिक्षक सार्वजनिक बोलत असतील तर शिक्षक आणि फळा; गटकाम सुरू झालं की चिठ्ठीने ठरलेला गट, तासिका संपेपर्यंत तोच" असा नियम कोणालाही पाळता येतो.

जागेचा हिशोब: मोबाइलवर १०८०पी चित्रणाला नव्या कॉम्प्रेशनमध्ये मिनिटाला सुमारे ६० एमबी, जुन्यात १३० एमबी लागतात. ४५ मिनिटांचे झाले पावणेतीन ते सहा जीबी, एका कॅमेऱ्याचे. काही कॅमेरे ४ जीबीला फाइल तोडतात. तुकडे जोडताना मध्ये काही फ्रेम गळाल्या का ते बघा. काही फोटो-कॅमेरे अर्ध्या तासाला चित्रण आपसूक थांबवतात, हे पहिल्या तासिकेत कळण्यापेक्षा आदल्या दिवशी कळलेलं बरं. मोबाइल वापरत असाल तर विमान मोड लावा. फोन आला की चित्रण थांबू शकतं. आणि आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात पूर्ण ४५ मिनिटं चित्रण करून बघा. पाच मिनिटांच्या चाचणीत तापलेला फोन आणि संपलेली बॅटरी दिसत नाही.

आवाज: खरा घोळ इथे होतो

चित्र थोडं गढूळ असलं तरी काम चालतं. आवाज गेला की तासिका गेली. कॅमेऱ्यातला मायक्रोफोन चार-पाच मीटरवरून खोलीचा घुमारा, पंखा आणि बाकांचा खरखराट तेवढा टिपतो. स्रोतापासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, घुमारा मात्र तसाच राहतो. म्हणून दूरचं बोलणं नंतर मोठं केलं तरी कळत नाही. उपाय एकच, माइक तोंडाजवळ नेणं.

शिक्षकांना कॉलरचा माइक, हनुवटीपासून वीतभर खाली. ओढणी, साखळी, ओळखपत्राची दोरी त्यावर घासत नाही ना ते बघा, कारण तो घासण्याचा आवाज खोलीत कोणाला ऐकू येत नाही, फक्त हेडफोनमध्ये येतो. गटासाठी टेबलाच्या मधोमध छोटा रेकॉर्डर, खाली घडी घातलेला रुमाल; नाहीतर पेन्सिल ठेवली तरी हातोडा मारल्यासारखा ठोका येतो. लेव्हल अशी ठेवा की मोठ्याने बोलल्यावर सुई उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. आपोआप लेव्हल बदलणारी सोय बंद करा. ती शांततेत पंख्याचा आवाज फुगवते, आणि प्रतीक्षाकाळ मोजणाऱ्याला नेमकी तीच शांतता हवी असते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका वाहिनीची वेव्ह फाइल मिनिटाला ९ एमबीहून कमी जागा घेते, तेव्हा इथे काटकसर करू नका.

सगळी यंत्रं सुरू झाली की सगळ्या कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी वाजवा, आणि तासिका संपल्यावर बंद करण्याआधी पुन्हा एक. पहिल्या टाळीने फाइली जुळतात. दुसऱ्या टाळीने कळतं की दोन यंत्रांची घड्याळं तासिकेभरात किती सरकली. मोबाइल फ्रेमचा वेग मधूनमधून बदलतात, त्यामुळे त्यांचं चित्रण आधी स्थिर वेगात बदलून घ्या, मगच जुळवा.

संमती आणि सवय

शाळेची परवानगी, शिक्षकांची संमती, पालकांची लेखी संमती आणि मुलांचा स्वतःचा होकार, हे चारही वेगवेगळे. संमतिपत्रात फक्त "संशोधनासाठी" लिहून भागत नाही: कोण बघेल, किती वर्षं ठेवाल, परिषदेत तुकडा दाखवाल का, हे वेगवेगळे चौकोन ठेवा, म्हणजे पालक एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणू शकतील. ज्यांची संमती नाही त्या मुलांना वर्गाबाहेर काढायचं नसतं. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरची जागा आधी आखा, दोन-चार संमती असलेली मुलंही तिथे बसवा म्हणजे ती वेगळी पडत नाहीत, आणि संमती नसलेल्या मुलांचं बोलणं आलंच तर शब्दांकनात (बोलणं ऐकून लिहून काढण्यात) घेऊ नका.

कॅमेरा आला की वर्ग बदलतो. मुलं हात हलवतात, शिक्षक जास्त प्रश्न विचारतात. पहिल्या दोन-तीन तासिका चित्रित करा आणि विश्लेषणातून वगळा. सवय झाली का हे अंदाजाने ठरवू नका: दर १० मिनिटांत मुलं किती वेळा कॅमेऱ्याकडे बघतात ते मोजा. आकडा खाली येऊन स्थिरावला की खरं काम सुरू. शिक्षकांच्या बाबतीत हे मोजणं अवघड आहे, म्हणून तासिकेनंतर दोनच मिनिटं विचारा: आजची तासिका नेहमीसारखी होती का, काय वेगळं होतं? उत्तर नोंदवहीत.

कुठल्या तासिका घ्यायच्या हे शिक्षकांवर सोडलं तर तयारी केलेलेच धडे मिळतील. चिठ्ठ्या टाका. एकाच तासिकेवरून शिक्षकाबद्दल बोलू नका. उजळणी, नवा धडा आणि चाचणीनंतरची तासिका यांत तोच माणूस तीन तऱ्हेने शिकवतो.

खोलीतला निरीक्षक तरीही हवा

कॅमेरा चौकटीबाहेरचं बघत नाही. दारात कोण येऊन उभं राहिलं, मागच्या रांगेत चिठ्ठी कुठून आली, शिक्षकांनी मध्येच विषय का बदलला, हे निरीक्षकाच्या वहीत येतं. पान उभं दुभागा: डावीकडे घड्याळाची वेळ आणि जे दिसलं ते, उजवीकडे जे वाटलं ते. "मुलगी कंटाळली" हे उजवीकडचं. "मुलगी ११:१४ पासून पेनाचं टोपण उघडझाप करते, फळ्याकडे बघत नाही" हे डावीकडचं. वही त्याच दिवशी टाइप करा. दोन दिवसांनी स्वतःचीच लघुरूपं उलगडत नाहीत.

कोडिंग आणि मतैक्य

कोडिंगसाठी, म्हणजे चित्रणातल्या क्षणांना संकेत देण्यासाठी, ईलॅन आणि बोरिस ही दोन्ही सॉफ्टवेअरं मोफत आहेत. बोलण्यातले क्षण आणि त्यांचे स्तर बारकाईने लावायचे तर ईलॅन, वागण्याच्या घटना बटणं दाबून नोंदवायच्या तर बोरिस. एका तासाच्या चित्रणाच्या साध्या शब्दांकनालाही चार ते सहा तास लागतात, हावभावांसकट केलं तर त्याहून बरेच जास्त. सगळ्याचंच शब्दांकन करायला घेऊ नका. प्रश्नाला लागेल तेवढंच.

संकेतकांना आधी अशा चित्रणावर तयार करा जे अभ्यासात येणार नाही. मतभेद झाले की चर्चा करा, नियम दुरुस्त करा, तारीख टाकून नवी आवृत्ती काढा. खरं कोडिंग सुरू झाल्यावर किमान एक-पंचमांश भाग दोघांनी स्वतंत्रपणे करावा. तो भाग चिठ्ठीने निवडावा आणि कुठला ते संकेतकांना सांगू नये. कळलं की माणूस त्या दिवशी जास्त जपून काम करतो.

नुसती टक्केवारी फसवी असते. १०० कालखंड घ्या. दोघांनीही प्रत्येकी ८५ वेळा "कामात" आणि १५ वेळा "कामात नाही" लिहिलं. ८० ठिकाणी दोघं "कामात" म्हणाले, १० ठिकाणी दोघं "कामात नाही", उरलेल्या १० ठिकाणी जमलं नाही. मतैक्य ९० टक्के, वाहवा! पण डोळे मिटून याच प्रमाणात खुणा केल्या असत्या तरी योगायोगाने ०.८५ × ०.८५ + ०.१५ × ०.१५ = ०.७४५ एवढं जुळलंच असतं. जेकब कोहेन यांचा कप्पा (१९६०) नावाचा मतैक्याचा आकडा हा योगायोग वजा करतो: (०.९० − ०.७४५) ÷ (१ − ०.७४५) = ०.६१. १९७७ च्या लँडिस आणि कोख यांच्या प्रचलित पट्टीवर हा "भरीव" गटाच्या अगदी उंबऱ्यावर बसतो. ती पट्टी रूढीने ठरलेली आहे, निसर्गनियम नाही, तरी ०.६१ वर निष्कर्ष टांगण्याआधी ती १० ठिकाणं उघडून बघाच. बहुतेकदा त्यांतली सात-आठ एकाच तऱ्हेची निघतात, उदाहरणार्थ शेजाऱ्याशी बोलणारं मूल अभ्यासाचं बोलतंय की नाही, आणि एक ओळ वाढवली की प्रश्न मिटतो. मग मात्र आधीचं सगळं कोडिंग नव्या नियमाने पुन्हा करायचं.

कप्पा चर्चेआधीच्या नोंदींवर काढा. दोघांनी बोलून एकमत केल्यावर काढलेला आकडा फक्त त्यांची मैत्री सांगतो. सेकंदांत मोजलेल्या गोष्टींना कप्पा लावू नका, तिथे वर्गांतर्गत सहसंबंध (इंट्राक्लास कोरिलेशन) वापरतात. आणि घटनांच्या वेळा जुळवताना सवलत आधीच ठरवा, जसं की एक सेकंद इकडे-तिकडे.

संकेतक कालांतराने सरकतात. तिसऱ्या आठवड्यातला "उच्च पातळीचा प्रश्न" पहिल्या आठवड्यात साधा असतो. म्हणून सगळं संपल्यावर पहिल्या काही तासिका त्याच संकेतकांना परत द्या आणि त्यांचं स्वतःशीच मतैक्य काढा. कुठला वर्ग प्रयोगाचा आणि कुठला तुलनेचा हे त्यांना शेवटपर्यंत कळू देऊ नका. फायलींची नावं देताना हेच डोक्यात असू द्या. "व०७_त०३_क२" चालेल, "प्रयोगवर्ग_गणित" चालणार नाही.

फायली

त्याच संध्याकाळी दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी, दोन्ही एन्क्रिप्ट केलेल्या. शा-२५६ चेकसम (फाइलच्या आशयावरून निघणारा ओळखआकडा) काढून प्रत मूळ फाइलशी जुळते का बघा, मगच कार्ड पुसा. मूळ फाइल कधीच उघडून संपादित करायची नाही, काम प्रतीवर. नाव आणि सांकेतिक क्रमांक यांची यादी चित्रणासोबत ठेवू नका.

आणि जे हरवलं त्याची नोंद करा. १२ व्या मिनिटाला बॅटरी संपून ३ मिनिटं गेली असतील तर त्या तासिकेचा भाजक ४२ मिनिटं, ४५ नव्हे. आवाज अस्पष्ट असलेल्या जागांना "कळत नाही" असा स्वतंत्र संकेत द्या. अंदाजाने भरू नका. हा संकेत एखाद्या वर्गात वीसातून एकापेक्षा जास्त वेळा दिसायला लागला, तर पुढच्या तासिकेआधी जाऊन माइक तपासा.